लहान धंद्याची वेबसाइट : केवढी आणि कोणाची

लहान व्यवसायाला कोणत्या प्रकारची वेबसाइट लागेल, हे त्या व्यवसायातला सौदा कुठे आणि कसा पक्का होतो यावरून ठरते. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक फ्रेम डोळ्यांवर चढवून बघते आणि मगच पैसे काढते. फाउंड्रीचा मालक ड्रॉइंग पाहून भाव कळवतो, नमुना पास झाला की ऑर्डर येते. दंतवैद्याकडे आधी वेळ घ्यावी लागते. देवगडचा बागायतदार पुण्यातल्या घरी आंबा पाठवतो, तो बहुधा पैसे आधी घेऊन. या चार ठिकाणी वेबसाइटची कामे वेगवेगळी आहेत : पत्ता सांगणे, पात्रता पटवणे, वेळ देणे आणि विक्री पूर्ण करणे. रंगसंगती, सरकते फोटो, पानांची संख्या हे सगळे त्यानंतरचे.

प्रत्यक्षात निवड दुसऱ्याच टोकाने होते. वेबसाइट बनवून देणारा पॅकेज दाखवतो, इतकी पाने, इतके फोटो, वर ‘ई-कॉमर्स फुकट’. आणि व्यावसायिक शेजारच्या दुकानदाराने काय घेतले ते पाहून त्यातले एक उचलतो. याचे दोन परिणाम जोडीने दिसतात : गरजेपेक्षा मोठी साइट आणि गरजेपेक्षा कमी मालकी. साइटवर कार्ट असते, पण त्यात वर्षानुवर्षे एकही ऑर्डर पडत नाही. आणि ज्या नावाने ती साइट उघडते ते नाव बनवणाऱ्याच्या खात्यावर नोंदलेले असते. बहुतेक लहान धंद्यांना याच्या नेमके उलट हवे असते, साइट छोटी, पण पूर्णपणे स्वतःची.

ज्या धंद्याचे गिऱ्हाईक दोन-तीन किलोमीटरच्या परिघातून येते, तिथे वेबसाइटचे काम सर्वांत हलके असते. पोळीभाजी केंद्र, सलून, चष्म्याचे किंवा हार्डवेअरचे दुकान शोधणारा माणूस नकाशावर शोधतो. त्याला चार गोष्टी कळायला हव्यात : दुकान कुठे, आत्ता उघडे आहे का, फोन कोणता आणि आत काय मिळते. यासाठी गुगलवरचे व्यवसायाचे प्रोफाइल आधी नीट भरावे, वेबसाइट नंतर. या सेवेला पूर्वी ‘गुगल माय बिझनेस’ म्हणत, 2021 पासून ती ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ आहे आणि विनामूल्य आहे. साप्ताहिक सुट्टी, दुपारी दुकान बंद ठेवण्याची वेळ, गणपती आणि दिवाळीतले बदललेले तास तिथे अचूक असणे हे पाच पानांच्या साइटपेक्षा अधिक कामाचे. चुकीची वेळ वाचून बंद शटरसमोर उभा राहिलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. याच्या जोडीला स्वतःच्या नावाचे एक पान पुरते.

ते एक पान तरी कशाला, असा प्रश्न इथे रास्त आहे. त्याचे उत्तर गुगलनेच दिले. याच प्रोफाइलसोबत गुगल लहान व्यवसायांना फुकट वेबसाइट बनवू देत असे. मार्च 2024 मध्ये त्या सगळ्या साइट बंद केल्या गेल्या आणि जूनपर्यंतच जुन्या पत्त्यावरून प्रोफाइलकडे वळण्याची सोय राहिली. ज्यांनी तो पत्ता पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि पिशव्यांवर छापला होता, त्यांचे छापलेले सगळे वाया गेले.

चौकशीवर चालणाऱ्या व्यवसायांचे प्रकरण वेगळे आणि अधिक गुंतागुंतीचे आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या किंवा भोसरीतली सीएनसी जॉबवर्कची शेड हे त्याचे चांगले उदाहरण. इथे माल ऑनलाइन विकला जात नाही. प्रत्येक कास्टिंग, प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे बनतो, त्याला छापील किंमत नसतेच. तरीही अशा व्यवसायाला वेबसाइट किराणा दुकानापेक्षा जास्त लागते, कारण इथे वाचणारा माणूस खरेदी विभागातला अधिकारी असतो. तो एका बैठकीत आठ-दहा पुरवठादारांची यादी छाटत असतो. त्याला हवे असते ते ठोस : ग्रे आयर्न की एसजी आयर्न, एका नगाचे जास्तीत जास्त वजन किती, महिन्याला किती टन निघतात, मोल्डिंग कोणत्या पद्धतीचे, मशीनिंग आत होते की बाहेर, स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे का, आयएसओ 9001 आहे की आयएटीएफ 16949, आणि प्रमाणपत्राची मुदत कधी संपते. मशीनची यादी मॉडेल आणि बेडच्या मापासह दिली तर तो पुढे वाचतो.

बहुसंख्य कारखान्यांच्या साइटवर मात्र यातले काही नसते. तिथे हस्तांदोलन करणाऱ्या परदेशी माणसांचा विकतचा फोटो, ‘गुणवत्ता हेच आमचे ब्रीद’ छापाचा मजकूर आणि 2014 सालच्या प्रदर्शनातला स्टॉल असतो. हे पैसे फुकट गेले असे म्हणायला हरकत नाही. या प्रकारच्या व्यवसायाला कॅटलॉग साइट हवी : स्थिर पाने, प्रत्येक प्रक्रियेला किंवा उत्पादनगटाला वेगळे पान, कारखान्यातच काढलेले फोटो, उतरवून घेता येईल अशी दोन-तीन पानी पीडीएफ आणि ड्रॉइंग पाठवण्यासाठी कंपनीच्याच नावाचा ईमेल. या शेवटच्या मुद्द्याला दिसते त्यापेक्षा जास्त वजन आहे. गोपनीय ड्रॉइंग फुकटच्या मेल-खात्यावर पाठवायला मोठी कंपनी कचरते. स्वतःचे डोमेन, म्हणजे साइटचे नाव, घेतले की त्यावर चालणारा ईमेलही घेता येतो, आणि अनेक जॉबवर्कवाल्यांना साइटपेक्षा त्याचाच उपयोग अधिक होतो.

इंडियामार्ट किंवा जस्टडायलसारख्या निर्देशिका, दोन्ही 1996 पासूनच्या, याच गटातल्या व्यवसायांना चौकशा विकतात. त्यात गैर काही नाही. मात्र तीच चौकशी एकाच वेळी चार-पाच पुरवठादारांकडे जाते, त्यामुळे बोलणे पहिल्या मिनिटापासून भावावर येते. ज्याचे वेगळेपण भावात नसून अचूकतेत किंवा वेळेत आहे, त्याला ते वेगळेपण मांडायला स्वतःची जागा लागते.

वेळ किंवा खोली विकणाऱ्यांना, म्हणजे दवाखाने, ब्यूटी पार्लर, तारकर्लीचे होमस्टे, मंगल कार्यालये यांना, एकच गोष्ट तपासायची असते : कॅलेंडर कोण सांभाळणार? साइटवरचे बुकिंग, फोनवरचे बुकिंग आणि प्रवास कंपन्यांच्या ॲपवरचे बुकिंग एकाच वहीत येत नसेल, तर मे महिन्यात एकाच खोलीसाठी दोन कुटुंबे दारात उभी राहतात. प्रवासाची ॲपे साधारण पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही अधिक दलाली घेतात, म्हणून थेट बुकिंगचा मोह रास्त आहे. पण चार खोल्यांच्या घराला पूर्ण बुकिंग यंत्रणा लागत नाही. खोल्यांचे खरे फोटो, दर, रस्ता, जेवणात काय मिळेल आणि व्हॉट्सॲपचे बटण एवढ्यावर काम भागते. मंगल कार्यालयाचे तर ऑनलाइन बुकिंग करूच नये. तिथे घरातली वडीलधारी माणसे जागा बघून, घासाघीस करून मगच तारीख धरतात.

राहिली विक्रीची साइट, म्हणजे ऑनलाइन दुकान. हीच सर्वांत जास्त विकली जाते आणि सर्वांत जास्त बंद पडते. हापूसचा धंदा घेतला तर तिची बलस्थाने आणि तिचा बोजा दोन्ही स्पष्ट होतात. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे त्याचे जिल्हे. बाजारात परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जातो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते, म्हणून बागेतून थेट घ्यायची त्याची तयारी असते. म्हणजे मागणी आहे, विश्वासाची गरज आहे आणि गिऱ्हाईक दूर शहरात आहे. ऑनलाइन दुकानासाठी याहून अनुकूल स्थिती क्वचितच सापडेल.

आता बोजा. आंब्याचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे. साइटचे भाडे मात्र बारा महिन्यांचे. आंबा कच्चा पाठवायचा की अढीतून काढून, कोणत्या पिनकोडला किती दिवसांत पोहोचेल, पेटीत दोन फळे डागी निघाली तर पैसे की फळे, अवकाळीने मोहर गळाला तर घेतलेल्या ॲडव्हान्सचे काय, हे सगळे आधी लिहून ठेवावे लागते. फोनवर हे प्रश्न बोलता बोलता सुटतात. साइटवर उत्तर नसेल तर माणूस न विचारता निघून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पैसे भरून मग भांडतो.

शिवाय ‘पैसे भरा’ हे बटण लावले की कायदा दारात येतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे व्यवसायाचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव साइटवर द्यावे लागते. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे लागते. पाकीटबंद मालावर जी माहिती छापावी लागते, त्यातली बहुतेक साइटवरही दाखवावी लागते. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा परवाना आलाच. जीएसटीची गोष्ट आणखी बारीक आहे. ताजा आंबा करमुक्त, पण त्याच बागायतदाराने आंबापोळी किंवा डबाबंद रस विकायला घेतला की माल करपात्र होतो; आणि करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर हस्तकलेसारखे काही अपवाद सोडता उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची. दुकानाच्या गल्ल्यावर नोंदणीसाठीची चाळीस लाखांच्या उलाढालीची मर्यादा पाहून निश्चिंत असलेला व्यापारी बेळगावहून किंवा हैदराबादहून पहिली ऑर्डर आली की इथे अडखळतो. साइट सर्व देशाला दिसते, पण माल कोणत्या पिनकोडपर्यंत पाठवायचा हे ठरवण्याचा हक्क विक्रेत्याकडे असतो, आणि सुरुवातीला तो राज्यापुरता ठेवणे शहाणपणाचे.

हिशेबाचा भाग सोपा आहे, तरी तो क्वचितच मांडला जातो. समजा तयार दुकान-साइटचे भाडे महिना 2,000 रुपये, म्हणजे वर्षाला 24,000. नफ्याचे प्रमाण विक्रीच्या 30 टक्के असेल, तर फक्त भाडे निघायला साइटमुळे वर्षाला 80,000 रुपयांची नवी विक्री व्हायला हवी. नवी हा शब्द महत्त्वाचा; जे गिऱ्हाईक एरवी फोनवर घेणारच होते त्याने साइटवरून घेतले तर हिशेबात काहीच वाढत नाही. कार्डने आलेल्या पैशातून पेमेंट गेटवे साधारण दोन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी कापतो, म्हणजे हजारामागे 23 रुपये 60 पैसे. यूपीआयवर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला व्यवहारशुल्क नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपवर यादी आणि क्यूआर कोडवर पैसे ही साधी पद्धत अनेकांना दुकान-साइटपेक्षा स्वस्त पडते. महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरींपर्यंत ती नीट चालते. त्यापुढे पत्ते चुकतात, कोणाचे पैसे आले आणि कोणाचे नाहीत याचा गोंधळ होतो, बिले हाताने करावी लागतात; दुकान-साइटकडे जाण्याची वेळ तेव्हाची.

ॲमेझॉन, फ्लिपकार्टसारखी बाजारपेठ आणि स्वतःचे दुकान यांत एकच निवडावे असे नाही. ज्या वस्तूचे नाव गिऱ्हाईक आधीच जाणते आणि फक्त भाव शोधते, ती बाजारपेठेत खपते. पैठणीसारखी वस्तू, जिथे काठ, पदर, वीण आणि विणकर यांची माहिती दिल्याशिवाय किंमत पटत नाही, तिला स्वतःचे पान हवे. बाजारपेठ विक्री देते पण गिऱ्हाईक देत नाही; नाव-नंबर तिच्याकडेच राहतो आणि पुढच्या दिवाळीला त्या माणसाला कळवण्याचा रस्ता विक्रेत्याकडे नसतो.

इथे मालकीचा मुद्दा येतो, आणि वेबसाइटच्या निवडीतला तोच सर्वांत कमी बोलला जाणारा भाग आहे. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप यांवर उभा केलेला धंदा म्हणजे भाड्याचा गाळा, आणि तोही करारपत्राशिवाय. ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर 2014 मध्ये बंद झाले. टिकटॉकवर भारतात जून 2020 मध्ये एका रात्रीत बंदी आली आणि तिथे जमवलेला प्रेक्षक तिथेच राहिला. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हे तिन्ही जवळपास सहा तास बंद होते. ज्यांची ऑर्डर घेण्याची सगळी वाट तिथूनच होती त्यांचे दुकान तेवढा वेळ बंद राहिले. याचा अर्थ ही माध्यमे वापरू नयेत असा मुळीच नाही. नवे गिऱ्हाईक तिथेच भेटते. मात्र त्याला परत येण्यासाठी दिलेला पत्ता स्वतःचा असावा.

स्वतःचा म्हणजे डोमेन व्यवसायाच्या किंवा मालकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलने, त्याच्याच खात्यात नोंदलेले. डॉट इन किंवा डॉट कॉमचा खर्च वर्षाला साधारण काही शे ते हजार-दीड हजार रुपये इतकाच असतो. एवढी छोटी रक्कम म्हणूनच ती बनवणाऱ्यावर सोडली जाते. पुढे त्याच्याशी वाजले, तो शहर सोडून गेला किंवा नूतनीकरणाची तारीख विसरला, की साइट आणि ईमेल दोन्ही एकाच दिवशी बंद. नावाचे पैसे मुदतीत न भरल्यास काही काळाने ते कोणालाही घेता येते. देवनागरीत डॉट भारत हा पत्ता 2014 पासून मिळतो. पाटीवर तो शोभतो, पण अनेक ईमेल यंत्रणा आणि फॉर्म अजूनही त्याला नाकारतात, म्हणून तो रोमन पत्त्याच्या जोडीने घ्यावा, त्याच्याऐवजी नाही.

कशात बनवायची हा प्रश्न आता सोडवता येतो, कारण काम काय आणि मालकी कोणाची हे ठरलेले असते. साध्या एचटीएमएल पानांची साइट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी 1991 मध्ये सर्न या संस्थेत केली. 2013 मध्ये सर्नने ती पाने मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली आणि ती आजच्या मोबाइलवरही उघडतात. पत्ता-फोन-माहितीच्या साइटला आणि कारखान्याच्या कॅटलॉगला हे पुरेसे आहे, फक्त बदल करायला जाणकार लागतो. विक्ससारखी भाड्याची साधने तो बदल मालकाला स्वतः करू देतात, पण तिथली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. मजकूर नव्याने चढवावा लागतो. वर्डप्रेस 2003 चे, मुक्त परवान्याचे आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात, त्यामुळे दुरुस्त करणारा कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. त्याची किंमत देखभालीत चुकवावी लागते. महिनोन्महिने अद्ययावत न केलेले प्लगिन हा चोराला उघडा ठेवलेला दरवाजा असतो, आणि फाउंड्रीच्या साइटवर एके सकाळी जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात.

शॉपिफाय हे दुकानासाठीच घडलेले साधन. टोबियास ल्युट्के यांना कॅनडात स्नोबोर्ड विकायचे होते, मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी स्वतः लिहिले, आणि 2006 मध्ये तेच इतरांना द्यायला सुरुवात झाली. साठा, कर, कुरिअर, परतावा हे सगळे त्यात आहे, त्यामुळे ऑर्डरी खरोखर येत असतील तर भाडे अंगावर येत नाही. येत नसतील तर दर महिन्याला येते. अगदी मुळापासून लिहून घेतलेली साइट लहान व्यवसायाने सहसा घेऊ नये. लिहिणारा गेला की ती कोणालाच कळत नाही.

भाषेची निवड गिऱ्हाइकावरून होते. फाउंड्रीची साइट इंग्रजीत असणे ठीक, पण सांगलीतला दवाखाना, साताऱ्यातले बियाण्यांचे दुकान किंवा नगरचा ट्रॅक्टर दुरुस्तीवाला इंग्रजीत लिहून कोणाशी बोलतो हे समजणे कठीण आहे. मराठी मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा. डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर साइटवर चिकटवला की अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसते. ते टाळण्यासाठी अख्खे पत्रक फोटो म्हणून चढवले की शोधयंत्राला त्यात फारसे काही सापडत नाही आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला बोटांनी मोठे करत बसावे लागते. गिऱ्हाईक बहुतांशी मोबाइलवरच असते, आणि गुगलही आता साइटची मोबाइलवर दिसणारी बाजूच प्रमाण मानते. जड फोटो आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ तालुक्याच्या नेटवर्कवर उघडेपर्यंत माणूस पुढच्या नावावर गेलेला असतो. साइटला सुरक्षेचे (एसएसएल) प्रमाणपत्र नसेल तर क्रोम 2018 पासून ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवतो. ते प्रमाणपत्र आता विनामूल्य मिळते, त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारावे.

धंदा वाढला की प्रकार बदलावा लागतो, आणि लहान सुरुवातीचा फायदा तेव्हा कळतो. एका पानाची साइट कॅटलॉग होते, कॅटलॉगला पुढे दुकान जोडले जाते. डोमेन तेच राहिल्याने गिऱ्हाइकाला फरक जाणवत नाही. बदलताना जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे वळवून घ्यावा, नाहीतर शोधयंत्रात मिळवलेली जागा जाते. फोटोंच्या मूळ फाइल, मजकूर, गिऱ्हाइकांची यादी आणि सगळे पासवर्ड व्यवसायाकडे असावेत. यादी बाळगताना 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीने ती कशासाठी घेतली हे सांगणेही बरे. खोक्यांवर आणि पाकिटांवर क्यूआर कोड छापायचा तर तो स्वतःच्या डोमेनवरच्या पानाचा घ्यावा. पान आज साधे असेल, उद्या तिथे दुकान येईल, परवा साधन बदलेल. पत्ता तोच राहिल्याने आधी छापलेली पाच हजार खोकी रद्दीत काढावी लागत नाहीत.